चार हजारांचा सायकॉलॉजीचा नकाशा

मुलीच्या डिग्रीचं नियोजन करून देणाऱ्या एका मार्गदर्शन केंद्राचा हा रिव्ह्यू. आधी पैशांचं सांगतो. ४,००० रुपये. त्यात दीड-दीड तासाच्या दोन बैठका, एक निळी फाइल आणि वर्षभर व्हॉट्सॅपवर शंका विचारायची सोय. ऑफिस दादरला, स्टेशनपासून चालत, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट आहे, पण ती चालू असल्याचं मी दोन्ही वेळेला पाहिलं नाही. आम्ही घेतलं ते 'पदवी नियोजन' नावाचं पॅकेज. म्हणजे बीए सायकॉलॉजीच्या कुठल्या सेमिस्टरला काय घ्यायचं, मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, कोणता ठेवायचा, बाहेरचे कोर्स करायचे की नाही, हे सगळं मुलीसोबत बसून ठरवून द्यायचं. नाव लिहीत नाही. पुढे थोडी खरडपट्टी आहे, आणि तिथल्या मॅडम मनाने वाईट नाहीत.

मी बेस्टमध्ये टाइमकीपर. गाडी किती वाजता सुटली, कंडक्टर आला का, ड्रायव्हर दांडीवर असेल तर बदली कोण, यात माझी सव्वीस वर्षं गेली. तेव्हा हा रिव्ह्यू डेपोच्या अंगाने जाणार, आधीच सांगून ठेवतो.

२०२४ ला धाकटी बारावी आर्ट्‌स झाली आणि म्हणाली, सायकॉलॉजी करणार. आमच्या आईने लगेच विचारलं, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर का गं?" पोरगी चिडली. मी आईला गप्प केलं खरं, पण मनातून माझाही तोच समज होता. त्यात कॉलेजचं माहितीपत्रक हातात आलं. नवीन शैक्षणिक धोरण, त्यामुळे मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. बसचे नंबर बरे, निदान पाटीवर शेवटचा स्टॉप तरी लिहिलेला असतो. इथे गाडी कुठे जाते तेच कळेना. डेपोतल्या एकाने दादरचा पत्ता दिला.

पहिल्या बैठकीला मी पूर्ण मार्क देतो. मॅडमनी संगणकावरची ती आवडनिवडीची चाचणी घेतली, तिचा रंगीत अहवाल निघाला, तो मी सोडून देतो. 'तुम्हाला माणसांत रस आहे' हे कळायला चोवीस पानं लागत नाहीत. पण नंतर त्यांनी कोरा कागद आडवा ठेवला, उजव्या टोकाला एक चौकोन काढला आणि पोरीला म्हणाल्या, "शेवटून मागे येऊ. इथे काय लिहू?" पोरगी म्हणाली, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.

मग त्या जे बोलल्या ते आम्हाला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारात शिकलेला डॉक्टर, औषध तो लिहितो. सायकॉलॉजिस्टचा रस्ता निराळा. आणि त्यातही 'क्लिनिकल' हा शब्द नावापुढे लावून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे सगळे आरसीआय म्हणतात तिची, नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्याने आलेली संस्था आहे ती. तीन वर्षांच्या साध्या बीएवर ही नोंदणी मिळत नाही. बीए, मग एमए, मग परिषदेने मान्यता दिलेलं प्रशिक्षण, असे चौकोन त्या उजवीकडून डावीकडे काढत आल्या. शाळेतलं समुपदेशन, कंपनीतलं एचआर, संशोधन यांना वेगळे फाटे. पोरगी पुढे सरकून बघत होती. मी मनात म्हटलं, पहिल्यांदा कोणी तरी पाटी लावली गाडीला.

दुसरी कामाची गोष्ट संख्याशास्त्राची. मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइड आणि स्वप्नं असं आमच्या पोरीच्या डोक्यात होतं. मॅडमनी विचारलं, "दहावीला गणितात किती?" उत्तर आलं ते इथे लिहीत नाही, ती वाचते. त्या शांतपणे म्हणाल्या, की सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि टी-चाचणी यांच्यापासून पळशील तर मानसमापन कळणार नाही, संशोधन पद्धती कळणार नाही, आणि एमएच्या दारात अडशील. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला खुल्या विषयात, म्हणजे ओईत, काही मजेशीर शोधण्यापेक्षा आकडेमोडीचं काही मिळतंय का बघ. कॉलेजात तसं एक होतं. तिने रडतखडत घेतलं. आज वर्गातल्या चार मुली आकडेवारीसाठी हिच्याकडे येतात, हिला दोन मैत्रिणी त्यावरच मिळाल्या. एवढ्या एका सल्ल्यात निम्मे पैसे वसूल झाले असं माझं प्रामाणिक मत.

दुसरी बैठक आठ दिवसांनी. निळी फाइल तयार होती. आत सहा सेमिस्टरचा तक्ता, रंगीत, लॅमिनेट केलेला. सेमिस्टरला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांना १३२, चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर १७६. वर्षभराने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, त्यालाही जास्तीची ४ क्रेडिट करावी लागतात, हेसुद्धा खाली बारीक अक्षरात होतं. चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरायची तर पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून ७५ टक्के हवेत, हे लाल रंगात. दिसायला तक्ता फार देखणा. आमच्या हिने लगेच फ्रिजवर चुंबकाने लावला.

घोळ तिसऱ्या सेमिस्टरला कळला. मायनर म्हणून तक्त्यात समाजशास्त्र होतं. कॉलेजात समाजशास्त्र आहे, पण त्याची लेक्चरं आणि सायकॉलॉजीचं प्रॅक्टिकल एकाच वेळेला. ऑफिसातल्या काकांनी खिडकीतूनच सांगितलं, "सायकॉलॉजीवाल्यांना अर्थशास्त्र घ्यावं लागतं, दरवर्षीचंच आहे हे." दरवर्षीचंच आहे, तर मग तक्ता करणाऱ्याला ते ठाऊक नको? मी मॅडमना मेसेज टाकला. चार दिवसांनी उत्तर आलं, की विद्यापीठाच्या आराखड्यात हा पर्याय आहे. आराखड्यात असेल हो! आमच्याकडेही कागदावर प्रत्येक रूटला गाडी असते. डेपोत किती गाड्या उभ्या आहेत ते सकाळी जाऊन मोजावं लागतं.

तेव्हापासून मी त्या तक्त्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आणि मग मोठी चूक दिसली. मॅडमनी क्रेडिट मोजली होती, तास मोजले नव्हते.

सगळ्यांना वाटतं तसा क्रेडिट म्हणजे मार्क नव्हे. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला साधारण १५ तास. प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. ऑन जॉब ट्रेनिंगचंही तसंच, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. सहावं सेमिस्टर घ्या. तक्त्यात १४ क्रेडिट थिअरी, ४ प्रॅक्टिकल, ४ ट्रेनिंग. बेरीज २२, बरोबर. पंधरा आठवड्यांत वाटलं तर आठवड्याला १४ अधिक ८ अधिक ८, झाले ३० तास. कन्नमवार नगरातून शेअर रिक्षा, विक्रोळीहून स्लो लोकल, सीएसएमटीला उतरून चालत. दारापासून दारापर्यंत सव्वा तास, येऊन-जाऊन अडीच, सहा दिवसांचे १५. म्हणजे ४५. त्यावर तक्त्यात होता स्वयम या सरकारी पोर्टलवरचा एक ऑनलाइन कोर्स, आठवड्याला ४ तास, आणि शनिवारी संध्याकाळी एक समुपदेशनाचा सर्टिफिकेट कोर्स, आणखी ४. एकूण ५३. घरचा अभ्यास यात धरलेला नाही, जेवणही नाही.

मोटर कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात ड्रायव्हरचा आठवडा ४८ तासांचा घालून दिला होता. सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती. ५३ तासांचा चार्ट मी साहेबांपुढे ठेवला असता तर त्यांनी तोच माझ्या डोक्यावर मारला असता.

त्यातून प्रॅक्टिकलचे तास कॉलेजात संपत नाहीत, हे मला घरी बसल्या कळलं. दुसऱ्या वर्षाला असताना एका रविवारी पोरगी एक लाकडी पट्टी घेऊन आली. म्हणाली, "बाबा, आज तुम्ही प्रयुक्त. आणि हसायचं नाही." प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. पट्टीवर दोन आडव्या रेघा. एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेले, पिसासारखे. दुसरी रेघ सरकवता येते. दोन्ही सारख्या वाटल्या की थांबा म्हणायचं. म्युलर-लायर नावाच्या जर्मन माणसाने १८८९ मध्ये दाखवलेला दृष्टिभ्रम आहे तो. मी सव्वीस वर्षं लांबून पाटी बघून गाडीचा नंबर सांगणारा माणूस, मला काय भ्रम होणार? पहिल्या वेळेला थांबा म्हटलं आणि तिने मागची मोजपट्टी बघितली. काही बोलली नाही, लिहून घेतलं. असं वीस वेळा. दहा वेळा रेघ आखूड ठेवून सुरुवात, दहा वेळा लांब ठेवून. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मी प्रत्येक वेळेला पिसांची रेघ आखूडच लावत होतो, कारण ती दिसते लांब. शेवटच्या पाच वेळा मुद्दाम सावध राहिलो, तरी तेच. ही स्वयंपाकघरातून बघत होती, म्हणाली, "मला करू द्या, मी बरोबर सांगते." तिचं माझ्यापेक्षा जास्त चुकलं. त्या रविवारी घरात शांतता होती.

पण मी घड्याळ लावलं होतं, सवयच ती. मांडणी आणि सूचना वाचणं दहा मिनिटं, वीस फेऱ्यांना पस्तीस. मग सरासरी, प्रमाण विचलन, आलेख, आणि जर्नलमध्ये उद्देश, गृहीतक, पद्धत, निष्कर्ष, सगळं हाताने लिहून. साडेतीन तास. एका प्रयोगाचे. असे प्रयोग सेमिस्टरला अनेक, आणि प्रत्येकाला प्रयुक्त शोधून आणायचा तो वेगळा. शेजारचे सावंत हल्ली जिन्यात पोरगी दिसली की वळसा घालून जातात.

मग मी रात्रपाळीला बसून सहाव्या सेमिस्टरचा चार्ट नव्याने केला. ट्रेनिंगचे १२० तास सेमिस्टर सुरू झाल्यावर रेटण्यापेक्षा काही सुट्टीत ढकलता येतात का, ते कॉलेजात विचारून घेतलं. मॅडम हो म्हणाल्या, म्हणजे कॉलेजच्या मॅडम. स्वयमचा कोर्स पाचव्यातच उरकायला सांगितला. स्वयम करायचा सल्ला मात्र दादरच्या मॅडमचा, आणि तो चांगला होता. शिकणं फुकट आहे, परीक्षेचे पैसे पडतात. फक्त आधी कॉलेजला विचारा, की ही क्रेडिट तुम्ही धरणार का. आम्ही नंतर विचारलं, नशिबाने धरली.

उरला शनिवारचा सर्टिफिकेट कोर्स. त्याचं मला जरा लागलं. तक्त्यात तो बाकीच्या विषयांसारखाच, त्याच रंगात छापलेला. वाटलं विद्यापीठाचाच असेल. चौकशी केल्यावर कळलं, तो यांचाच. फी १८,०००. मी फोन करून विचारलं, "याला आरसीआयची मान्यता आहे?" म्हणाल्या, "नाही, पण सीव्हीवर चांगला दिसतो." ज्या बाईंनी पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर समजावलं होतं, की नोंदणी कशाने मिळते आणि कशाने मिळत नाही, त्याच या. कोर्स विका, धंदा आहे, माझं काही म्हणणं नाही. पण तो आमच्या पोरीच्या डिग्रीच्या तक्त्यात घुसवून, लॅमिनेट करून, आमच्याच फ्रिजवर दोन वर्षं लावून ठेवायचा?

वर्षभराच्या व्हॉट्सॅपबद्दल फार लिहीत नाही. उत्तरं येतात, सावकाश. वर्ष संपल्यावर शंका बंद, जाहिराती चालू.

पाचपैकी तीन तारे. त्यातले अडीच पहिल्या बैठकीचे, अर्धा स्वयमचा. आमच्याच डेपोतल्या एका कंडक्टरचा मुलगा यंदा सायकॉलॉजीला जातोय, त्याने विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, जा, पण आधी कॉलेजचं वेळापत्रक हातात घे, मागच्या वर्षीचं असलं तरी चालेल, आणि ते त्यांच्या टेबलावर ठेव. आणि विचार, नुसती पहिली बैठक मिळते का, दोन हजारांत. मी विचारलं नव्हतं.