भाव स्वतः काढायचा की बाजारात चुकलेला पकडायचा?

सामना कोण जिंकणार हे ओळखणं वेगळं आणि सट्ट्यातून वर्षानुवर्षं पैसे काढणं वेगळं. दोन तुल्यबळ संघ असले की बुकी दोन्ही बाजूंना साधारण १.९१ चा भाव देतो, म्हणजे १०० लावले तर जिंकल्यावर १९१ हातात येतात. या भावात नुसतं बरोबरीत सुटायलाही शंभरातल्या ५२.४ पैजा जिंकाव्या लागतात. ज्याला त्या खेळातलं 'सगळं कळतं' तोही इथे सहज बुडतो, कारण त्याला जे कळतं ते भावात आधीच मुरलेलं असतं. टिकलेले व्यावसायिक एकच प्रश्न विचारतात: खरी शक्यता किती, आणि त्या मानाने मला भाव काय मिळतोय?

ही खरी शक्यता कुठून आणायची, यावरून दोन रस्ते फुटतात.

पहिला रस्ता म्हणजे स्वतःचं मॉडेल, म्हणजे आकडेवारीवरून शक्यता काढणारं गणित. हाँगकाँगच्या घोड्यांच्या शर्यतींवर बिल बेंटर याने हेच केलं. १९९४ मध्ये त्याने आपली पद्धत मांडली, त्यातली मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारी गोष्ट ही, की नुसत्या मॉडेलवर तो विसंबला नाही. लोकांनी पैसे लावून ठरवलेला भाव त्याने मॉडेलच्या आकड्यात मिसळला आणि मग निर्णय घेतले. बाजाराला जे ठाऊक आहे ते सगळं आपल्या मॉडेलला ठाऊक नसतं, हे मान्य करायला जिगर लागते. हारालाबोस वुल्गारिस या सट्टेबाजाची गोष्ट आणखी साधी. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या सामन्यातले अपेक्षित गुण बुकी दोन अर्धांत जवळपास समसमान वाटत. शेवटच्या मिनिटांत मुद्दाम फाउल होतात, फ्री थ्रो वाढतात आणि दुसऱ्या अर्धात गुण जास्त होतात, हे त्याने हेरलं. काही वर्षं त्याला भरपूर मिळालं, मग बुकींनी ते दुरुस्त केलं. या रस्त्यावरची प्रत्येक खाण अशी कधी ना कधी संपते, म्हणून पुढची शोधत राहावी लागते. आज टोनी ब्लूम किंवा मॅथ्यू बेनम यांच्यासारख्या व्यावसायिक सट्टेबाजांच्या मागे विश्लेषकांची अख्खी कंपनी असते. त्यांच्याशी लोकप्रिय लीगमध्ये एकट्याने झुंजणं अवघड. दुर्लक्षित स्पर्धांमध्ये जागा असते, पण तिथे मोठी रक्कम कुणी घेत नाही.

दुसऱ्या रस्त्यावर मॉडेल लागत नाही. कमी मार्जिनवर (भावात दडवलेला बुकीचा वाटा) मोठ्या रकमा घेणाऱ्या बुकीकडचा भाव सत्याच्या बराच जवळ असतो. समजा तिथे दोन्ही बाजूंना १.९५ आहे. मार्जिन काढून टाकलं की खरा भाव २.०० निघतो. त्याच क्षणी एखादा आळशी बुकी अजून २.१० देत असेल, तर ती पैज सरासरी ५ टक्के फायद्याची. संघातला एक खेळाडू माहीत नसला तरी चालतं. हवी ती नजर, चपळाई आणि तेच तेच काम कंटाळा न करता करण्याची तयारी. (खेळाच्या प्रेमापोटी येणाऱ्यांना हे काम रटाळ वाटतं आणि वाटणारच.)

इथला शत्रू वेगळा आहे. बरेच बुकी असं जिंकणारं गिऱ्हाईक ओळखतात आणि त्याची लिमिट फुटकळ रकमेवर आणून ठेवतात. एक्स्चेंजवर पैज दुसऱ्या ग्राहकाशी लागते, त्यामुळे तिथे ही कात्री नसते, पण जिंकलेल्या रकमेवर कमिशन जातं. २००० साली सुरू झालेल्या बेटफेअर या एक्स्चेंजने तर २००८ पासून सर्वात यशस्वी खात्यांवर जादा आकारही लावला.

मग निवडायचं कशावरून? मी तरी 'कळणार किती दिवसांत' यावरून निवडेन. १.९१ च्या भावात ५५ टक्के जिंकणारा, म्हणजे खरोखर कुशल माणूस घ्या. १०० पैजांनंतर तो तोट्यात असण्याची शक्यता जवळपास तीनात एक असते. हजार पैजांनंतरही ती साधारण वीसात एक उरते, आणि त्या हजारात लागोपाठ आठ पैजा हरणं अगदी नेहमीचं. निकाल बघून स्वतःला जोखायचं तर वर्ष जातं. त्यापेक्षा सामना सुरू होताना बंद झालेला भाव बघावा. तुम्ही २.१० ला घेतलं आणि बंद होताना १.९५ झालं, तर सामना हरलात तरी खरेदी चांगली होती. दुसऱ्या रस्त्यावर ही परीक्षा काही आठवड्यांत होते, म्हणून सुरुवात तिथून करावी आणि खाती आवळली जाईपर्यंत मॉडेलचा अभ्यास चालू ठेवावा असं माझं मत. तुम्ही राहता तिथला कायदा मात्र त्याआधी बघा.

रक्कम किती लावायची, हा प्रश्न दोन्ही रस्त्यांवर सारखाच जीवघेणा. जॉन केली याने १९५६ मध्ये दिलेल्या सूत्राप्रमाणे १.९१ ला ५५ टक्के शक्यता असेल तर भांडवलाच्या साधारण ५.५ टक्के लावावेत. पण ५५ हा तुमचा अंदाज आहे. खरी शक्यता ५३ असेल, तर तेच सूत्र जेमतेम १.३५ टक्के सांगतं. तुम्ही चौपट लावताय. प्रत्येक पैज फायद्याची असूनही भांडवल हळूहळू झिजत जातं. म्हणून जाणते लोक केलीच्या अर्धं, कधी पावच लावतात. मॉडेलवाल्याने तर पावाच्या वर जाऊच नये, कारण त्याची शक्यता बाजाराने तपासलेली नसते.

पैसे घालण्याआधी ५०० पैजा कागदावर लावून बघा. तीन रकाने पुरेत: घेतलेला भाव, घेतल्याची वेळ, बंद झालेला भाव. जिंकलो की हरलो हा रकाना सुरुवातीला आखूच नका, नजर तिकडेच जाते.