टर्बो: बॅक बटण आणि फॉर्म यांची बूज राखणारे साधन

संपूर्ण पान नव्याने न उघडता फक्त मजकूर बदलणाऱ्या संकेतस्थळांवर दोन गोष्टी हमखास बिघडतात: बॅक बटण दाबले की माणूस भलत्याच पानावर पोहोचतो, किंवा अर्धा भरलेला फॉर्म कोरा होतो. ३७सिग्नल्स या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये हॉटवायर या नावाखाली आणलेले टर्बो हे मुक्त-स्रोत साधन या दोन्ही बाबी मनापासून हाताळते आणि म्हणूनच मला ते मोलाचे वाटते.

लिंकवर क्लिक होताच टर्बो नवे पान मागवते, जुन्या पानाचा मजकूर बदलते आणि पुशस्टेट या ब्राउझरच्या सोयीच्या साहाय्याने नवा पत्ता ब्राउझरच्या इतिहासात नोंदवते. मात्र त्याआधी चालू पानाची प्रत स्मृतीत ठेवून, बॅक दाबल्यावर तीच प्रत स्क्रोलच्या पूर्वीच्या जागेसह समोर आणते. ही प्रत काढण्यातला बारकावा पाहण्यासारखा आहे. ब्राउझरने केलेल्या नकलेत सिलेक्ट यादीतील निवड आपोआप उतरत नाही, म्हणून टर्बो ती स्वतंत्रपणे उतरवून घेते, आणि पासवर्डचे रकाने मात्र मुद्दाम रिकामे करते. घटकांना थेट जोडलेले इव्हेंट लिसनर (क्लिकसारख्या घटना टिपणारे कोड) या नकलेत येत नाहीत, हे प्रोग्रॅमरने लक्षात ठेवले पाहिजे.

फॉर्मच्या बाबतीत टर्बो कडक आहे. माहिती यशस्वीपणे साठवल्यावर सर्व्हरने ३०३ या स्थितीदर्शक कोडने दुसऱ्या पानाकडे पाठवावे आणि चूक आढळल्यास ४२२ कोडसह तोच फॉर्म परत द्यावा, अशी त्याची अपेक्षा असते. सवयीने २०० (‘सर्व ठीक’) पाठवला, तर चूक दाखवणारा संदेश पडद्यावर येतच नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (प्रोग्रॅमरसाठीच्या नोंदींच्या खिडकीत) फक्त त्रुटीची एक ओळ उमटते. रूबी भाषेत संकेतस्थळे बांधण्याच्या रेल्स या चौकटीत डिसेंबर २०२१ मधील ७ व्या आवृत्तीपासून टर्बो आपोआप मिळू लागले आणि जुन्या पद्धतीचे फॉर्म त्यात अडकले. लॉगिनसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डिव्हाइझ (Devise) या जेमला, म्हणजे रेल्सला जोडायच्या तयार कोडसंचाला, टर्बोशी जुळवून घेण्यासाठी फेब्रुवारी २०२३ मधील ४.९ आवृत्तीपर्यंत वेळ लागला. तरीही हा आग्रह मला योग्य वाटतो, कारण पोस्टचे (फॉर्म पाठवणाऱ्या विनंतीचे) उत्तर म्हणून आलेले पान रीलोड करताना ब्राउझर ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ असे विचारतो आणि ती सोय टर्बोला स्वतःहून पुरवता येत नाही.

एक बाब मात्र खटकते. आधी पाहिलेल्या पानाच्या लिंकवर क्लिक केल्यास ताजे पान येईपर्यंत जुनी प्रत दिसते, आणि खात्यातील शिल्लक किंवा उरलेल्या जागा दाखवणाऱ्या पानावर तेवढा क्षणही दिशाभूल करू शकतो. अशा प्रत्येक पानावर टर्बो-कॅशे-कंट्रोल या मेटा टॅगमध्ये (पानाविषयीच्या अदृश्य सूचनेत) ‘नो-प्रिव्ह्यू’, म्हणजे जुनी प्रत आधी दाखवू नये, असे लिहावे.