रुमाल घेऊन या: दांडिया बाजारातलं दप्तर-मदत शिबिर कसं होतं?

९ जूनच्या आंतरराष्ट्रीय अभिलेख दिनाच्या निमित्ताने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका सभागृहात दोन दिवसांचं शिबिर भरलं होतं. घरातले जुने कागद, म्हणजे घरचं दप्तर, आणा, साफ करून घ्या, वाचून घ्या, स्कॅन करून घ्या, असा सरळ मामला. प्रवेश मोफत, स्कॅनिंगला पानामागे दहा रुपये. अभिलेखागाराची जनजागृती म्हटली की काचेच्या पेटीतली सनद आणि फीत कापणारे पाहुणे. इथे निदान लोकांचे स्वतःचे कागद टेबलावर आले. वेळही नेमकी साधली. माळ्यावरचं रुमालात (कागद बांधायच्या कापडात) बांधलेलं गाठोडं पावसाआधी खाली उतरलं तरच काही करता येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. भिजलेला कागद दोन दिवसांत बुरशी धरू लागतो.

सगळ्यात चोख काम नोंदणीच्या टेबलावर. "आजी, गाठ सोडू नका हं, आधी आहे तसा फोटो घेते," असं म्हणून तिथली मुलगी रुमालाचा वरून एक, बाजूने एक फोटो घेई, मग एकेक कागद उचलताना मागे पेन्सिलीने बारीक क्रमांक घाली. पेनने नाही. बहुतेक घरांत रुमाल सुटला की कागद तारखेवार लावायची घाई होते, आणि तिथेच घात होतो. एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच व्यवहाराचे असतात. क्रम मोडला की बिनतारखेची चिठ्ठी कशाची ते कोणालाच सांगता येत नाही.

मोडी लिपीच्या टेबलावर रांग हटत नव्हती. वाचणारे जाणकार होते, आणि अख्खा मजकूर वाचून देण्याऐवजी आधी मायना, तारीख, नावं आणि शेवटचं मोर्तब (अखेरचा शिक्का) एवढंच बघून कागद कशाचा ते सांगत. हे बरोबर, एका कागदावर तास घालवला तर रांगेतले बाकीचे रिकाम्या हाताने परततात. तारखेचा तक्ता मात्र प्रत्येकाने मागून घ्यावा असा. या कागदांवर शुहूर सनाचं वर्ष अरबी आकड्यांच्या शब्दांत असतं: 'तिसा सबैन मया व अलफ' म्हणजे ९, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७९. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७८. शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. तक्त्यावर हे शेवटचं वाक्य तळटीपेत बारीक छापलं होतं. ते ठळक हवं, वर्षाची चूक नेमकी तिथेच होते.

स्कॅनिंगने मात्र निराशा केली. ३०० डीपीआय, काळं-पांढरं, जेपेग. टाइप केलेल्या पत्राला चालेल, मोडीला नाही: बोरूची बारीक रेघ तुटते आणि शिक्क्याची फिकट शाई पार उडते. रंगीत, ४०० डीपीआय, मूळ प्रत टिफमध्ये (यात बारकावे उडत नाहीत) आणि पाहण्यापुरती जेपेग, एवढं तरी मागायलाच हवं. त्याहून मोठी चूक म्हणजे कागदाची पाठ कोरी समजून सोडून देणं. पोचल्याची तारीख, कारकुनाचा शेरा, लांब कागद असेल तर जोडावरचा शिक्का, हे सगळं पाठीवर सापडतं. पेन ड्राइव्हमध्ये फायलींना नावं नव्हती, नुसते यंत्राने घातलेले आकडे. पेन्सिलीचा क्रमांक फाइलच्या नावात आला असता तर नोंदणीच्या टेबलावरची मेहनत कारणी लागली असती.

संमतिपत्र एका सहीचं. मालकाला प्रत मिळणार हे त्यात आहे; आयोजकांकडे प्रत राहणार का, आणि ती छापता किंवा संकेतस्थळावर टाकता येणार का, यावर अवाक्षर नाही. तिन्हींना वेगळे चौकोन हवेत. वाटणीचा वाद चालू असलेलं घर या एका कारणावरून कागद परत बांधून निघून जाईल.

प्रदर्शनाच्या पाट्यांपैकी एक फार कामाची: १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन, १ मे १९६० ला गुजरात. हुकूम कोणत्या सरकारचा, हे साल ठरल्याशिवाय कळत नाही आणि शोधायचं कुठे तेही नाही. शेजारची पाटी साफ चुकीची. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा 'तुमचा हक्क' म्हणून तिथे लावला होता. तो कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या अखत्यारीतल्या संस्थांचा आहे. राज्य अभिलेखागाराच्या ताब्यातलं संस्थानी दप्तर त्यात येत नाही. पाटी वाचून कोणी कार्यालयात कलम दाखवायला गेला तर हसं होईल, आणि पुन्हा तो त्या पायऱ्या चढणार नाही. २००५ चा माहिती अधिकार कायदा राज्याच्या कार्यालयांनाही लागू आहे. त्याची पाटी नव्हती.

बाहेर साडेचारशे रुपयांना किट होतं. मऊ ब्रश आणि आम्लरहित फोल्डर चांगले. लाल कापड घेतलं असेल तर आधी धुवा, कारण खळीवर कसर येते. वाळल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा; रंग लागला तर त्यात कागद बांधू नका. लॅमिनेशन, चिकटपट्टी आणि पांढरा गोंद यांना थारा नाही, असं तिथल्या काकांनी प्रत्येकाला बजावलं. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, जी पाण्याने पुन्हा सुटते. शाई पाण्याला टिकते का हे कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर आधी पाहायचं.

पुढच्या खेपेला जाणाऱ्यांनी रुमाल न सोडता न्यावा, मोडीचं टोकन सकाळीच घ्यावं (दुपारी बाराला बंद झालं), आणि स्कॅनिंगला बसताना दोन्ही बाजू, रंगीत, एवढं तोंडाने सांगावं. सांगितलं तर करून देतात.