मुंबईत दोन रात्री: फोर्ट, दादर की वांद्रे?

खाणं, नाटक-चित्रं आणि रात्रीची मुंबई, तिन्ही दोन दिवसांत हवं असेल तर मुक्काम कुठे करायचा हे रात्री नऊनंतरच्या बेतावर ठरवा. दिवसा लोकलनं कुठूनही कुठेही जाता येतं. पंचाईत होते ती रात्री परतताना: या भागांतली मेट्रो साडेदहाच्या सुमारास थांबते आणि एकच्या आसपास लोकलही.

फोर्ट पाहावं ते दिवसा. काळा घोडा भागात १९५२ची जहांगीर आर्ट गॅलरी (प्रवेश मोफत), १९२२ साली खुलं झालेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, सगळं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर. यातलं शेवटचं सोमवारी बंद असतं. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहा: एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, दुसरीकडे आर्ट डेको शैलीतल्या इमारती. २०१८पासून हा सारा परिसर जागतिक वारसा आहे, आणि तो बघायला तिकीट नाही. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव दुपारच्या जेवणालाच मिळतो, तेव्हा उशीर नको. धोबीतलावच्या कयानी या इराणी कॅफेत ब्रून मस्का (कडक पाव-लोणी) आणि चहा. संध्याकाळी ऑफिसं सुटली की मात्र फोर्ट ओस पडतं. जागं राहतं कुलाबा, आणि तिथल्या खोल्या महाग.

वांद्र्याचं उलट. पब, गाण्याचे कार्यक्रम, कार्टर रोडवरची गर्दी, सगळं मध्यरात्र उलटली तरी चालू. दिवसा रणवारच्या गावठाणातली जुनी घरं बघावीत. संग्रहालयांसाठी मात्र दक्षिणेलाच यावं लागतं.

माझं मत दादरला. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे इथे मिळतात, त्यामुळे फोर्ट आणि वांद्रे दोन्ही हाताशी. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, आस्वादची मिसळ, माटुंग्याला रामा नायककडे केळीच्या पानावरचं जेवण: इतकं चांगलं खाणं इतक्या कमी पैशांत इतर दोन्हीकडे मिळत नाही. आणि प्लाझा सिनेमासमोरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह! मराठी माणसानं मुंबईत येऊन तिथे नाटक न बघता परतावं, हे मला पटत नाही. रात्रीचा प्रयोग संपल्यावर मुक्कामी चालत जाता येतं. इथे नाचगाणं नाही, स्टेशनजवळच्या लॉजमध्ये आवाजही फार, म्हणून खोली शिवाजी पार्कच्या बाजूला बघा.

मित्रांबरोबर, रात्र जागवायलाच येत असाल तर वांद्रे घ्या. आई-वडील सोबत असतील तर दादरच, आणि शनिवार-रविवारच्या प्रयोगाची तिकिटं आधीच काढा.