फलाटावरची खानापुरी माती

२०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रेल्वे स्थानकांवर स्थानिक उत्पादनांच्या विक्रीसाठी दुकाने देणारी ‘एक स्थानक, एक उत्पादन’ ही योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षी २५ मार्चपासून १९ स्थानकांवर ती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. मिरज-लोंढा मार्गावरील आमच्या सीमाभागातल्या एका स्थानकावर बचत गटाच्या महिला चालवत असलेल्या अशाच एका दुकानातून गेल्या महिन्यात मी खरेदी केली.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची मातीची भांडी तिथे मांडलेली होती. मी दह्यासाठी एक गाडगे निवडले, तेव्हा दुकानातील मावशींनी ते कानाशी धरून बोटाने टिचकी मारून दाखवली. खणखणीत आवाज आला तरच भांडे नीट भाजलेले आणि बिनतड्याचे समजावे, असे त्यांनी आपुलकीने सांगितले. घरी रात्रभर पाण्यात भिजवून मग विरजण लावले, आणि सच्छिद्र मातीने जास्तीचे पाणी शोषून घेतल्यामुळे दही सुरीने कापावे इतके घट्ट लागले.

उणीव एकच, पण ती मला खरोखर खटकली: संध्याकाळची गाडी येण्यापूर्वीच दुकान बंद होते, त्यामुळे नोकरीवरून परतणारा मोठा प्रवासीवर्ग त्याला मुकतो. बांधणी मात्र चोख आहे. वर्तमानपत्र आणि भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेले गाडगे गर्दीच्या डब्यातूनही अखंड घरी पोहोचले. पुढच्या खेपेस मी पाण्याचा माठ घेणार आहे.