हिमसरोवरं मोजायला कॅमेरा की रडार?

हिमनदी मागे सरकली की तिनेच आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधामागे पाणी साठतं. ते तळं किती फुगलंय हे वरून पाहायचे दोन मार्ग आहेत.

सेंटिनल-२ उपग्रह म्हणजे एक प्रकारचा कॅमेराच. चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा, आणि दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसांनी एक फेरी. पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे तळं काळं आणि काठ ठसठशीत दिसतो. फसगत होते ती कड्यांच्या सावलीत. सावलीही तितकीच काळी, संगणक तिलाही तळं समजून मोकळा होतो. मग माणसानेच डोळे फोडून एकेक डाग तपासायचा. त्याहून मोठी अडचण ढगांची. पूर्व हिमालयात ऐन पावसाळ्यात, जेव्हा पाहायची खरी गरज, तेव्हा चित्रात नुसता कापूस!

सेंटिनल-१ च्या रडारला ढग काय नि रात्र काय, सारखंच. संथ पाणी इथेही काळं दिसतं. वारा सुटला की मात्र लाटांमुळे काठ पुसट होतो, आणि उभ्या डोंगरांत चित्र वेडंवाकडं येतं.

सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक तळं ऑक्टोबर २०२३ मध्ये रात्री फुटलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. अशा वेळी मी आधी रडारचं चित्र उघडेन. अनेक वर्षांची वाढ पाहायची तर कॅमेराच बरा. लँडसॅट या जुन्या कॅमेरा-उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत. खोली मात्र दोघांनाही नीट सांगता येत नाही. त्यासाठी तळ्यात होडी घालून ध्वनिलहरींनी तळ मोजावा लागतो.