खिशातलं जीपीएस: कीचेनएवढं लॉगर घ्यावं की पेन्सिल सेलवालं?

आमच्या लाइनमधल्या दोघांनी महिन्याभरात एकच प्रश्न विचारला, की रोज खिशात टाकून फिरायला छोटं जीपीएस घ्यायचं आहे, कोणतं घेऊ. दोघांनाही फोनवर सांगताना अर्धं राहूनच गेलं, म्हणून आता सगळं लिहून टाकतो. मी दोन्ही प्रकार स्वतःच्या पैशानं घेऊन वापरले आहेत, त्यामुळं जे आहे ते माझ्या अनुभवाचं, तुमचं काम वेगळं असेल तर हिशोबही वेगळा निघू शकतो.

माझं काम ड्रिपच्या सर्विसिंगचं. राहतो नागपुरात पण दिवस जातो काटोल, नरखेड, कळमेश्वर साइडला संत्र्याच्या बागांमधे. शेताला पत्ता नसतो. "मोठ्या चिंचेपासून डावीकडची पांदण धरा, पुढं विहिरीपाशी कोणालाही विचारा" हा पत्ता, अन विहिरीपाशी गेलं की विचारायला कुत्रं नसतं. म्हणून पहिल्या खेपेलाच शेताचा पॉइंट, म्हणजे त्या जागेचे अक्षांश-रेखांश, जीपीएसवर घेऊन ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळेस माझ्याऐवजी दुसरा मेकॅनिक गेला तरी पोचतो.

फोन असताना वेगळं मशीन काऊन, हे सगळेच विचारतात. नेटवर्क नसलं की फोनचं जीपीएस बंद पडतं असं मी म्हणत नाही, ते खोटं आहे, फोनही सॅटेलाइटचंच ऐकतो, फक्त नेट असलं तर उपग्रह कुठं आहेत ती माहिती नेटवरून झटकन घेतो अन नसलं तर आकाशातूनच घ्यावी लागते. प्रत्येक उपग्रह स्वतःची माहिती 30 सेकंदांनी परत परत सांगत असतो, मोकळ्या शेतात मिनिटभरात काम होतं. माझी भानगड वेगळी. एक तर बॅटरी वाचवायच्या नादात फोन आपली वाट नोंदवणारं अ‍ॅप मागच्या मागं बंद करून टाकतो. दुसरं ऊन. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, गाडीच्या हँडलवर लावलेला फोन तासाभरात असा तापतो की स्क्रीन आपोआप अंधारते अन चार्जिंग थांबतं. (2024 च्या मे महिन्यात नागपुरात 56 डिग्रीचा आकडा आला होता, नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला. पण आम्हा नागपूरकरांना दोन दिवस तो खरा वाटला होता, यातच सगळं आलं.)

अन ते ब्लूटूथवालं टॅग याच्यात मोजू नका. एअरटॅगसारख्या टॅगमधे जीपीएस नसतंच, जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या फोनवरून त्याचा ठावठिकाणा कळतो. नरखेडच्या बागेत जवळून जातात ती माकडं. सिमकार्डवालं ट्रॅकर गाडी शोधायला ठीक, पण त्याला रेंज लागते अन दर महिन्याचा रिचार्ज वेगळा.

तर उरले दोन. एक बिनस्क्रीनचं लॉगर, म्हणजे गेलेली वाट नुसती लिहून ठेवणारं मशीन, कीचेनला अडकवता येईल एवढं. दुसरं साबणाच्या वडीएवढं, स्क्रीनवालं, गार्मिनच्या ईट्रेक्स 10 च्या जातीचं, ज्यात दोन पेन्सिल सेल लागतात अन सेलसकट वजन 140 ग्रॅमच्या आसपास जातं.

छोटं म्हणाल तर लॉगरच्या आसपास दुसरं काहीच येत नाही. खिशात आहे हेच विसरायला होतं, रात्री लॅपटॉपला लावलं की दिवसभराची वाट नकाशावर हजर, अन बटण दाबलं की पॉइंटही पडतो. पहिले दोन महिने मी सगळ्यांना तेच घ्या म्हणून सांगत होतो.

पण त्याचा तो दिवा. मोहरीएवढा एक दिवा, माझ्याकडच्याचा हिशोब असा की निळा लुकलुकला म्हणजे उपग्रह शोधून राहिला, हिरवा लुकलुकला म्हणजे सापडले अन लिहून राहिला, काहीच नाही म्हणजे झोपला. घरात मस्त दिसतो. आता मे महिन्यात दुपारी एक वाजता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून तो दिवा पाहून दाखवा. गाडी उभी करा, हातमोजा काढा, खिशातून ते बाहेर काढा, दोन्ही हातांची ओंजळ करून आत डोळा लावा, लहानपणी काजवा पकडून पाहायचो तसं. दिवा पाच-सहा सेकंदांनी एकदाच लुकलुकणार अन नेमकी तेव्हाच आपली पापणी मिटणार, की परत सुरुवातीपासून. एकदा मी असा उभा असताना एका बागवाल्या काकांनी पाण्याचा तांब्या आणून दिला, "डोये धुऊन घ्या भाऊ, कचरा गेला वाट्टे."

बरं, पाहायला तर लागतंच, कारण बॅटरी वाचवायला ते हलणं थांबलं की झोपतं अन हललं की उठतं. उठतं असं पुस्तिकेत लिहिलंय. मागच्या उन्हाळ्यात एका दिवसात अकरा शेतं केली, रात्री लावून पाह्यलं तर काटोलच्या एका चहाच्या टपरीपासून थेट माझ्या घरापर्यंत एक सरळ रेघ, फुटपट्टीनं ओढल्यासारखी. चहाला थांबलो तिथं झोपलं ते घराजवळ येऊन जागं झालं. मधली नऊ शेतं गेली. पाच आठवणीनं लावली, चारसाठी दुसऱ्या दिवशी परत साठ किलोमीटर जाऊन आलो, पेट्रोल माझंच. कदाचित माझाच पीस तसा निघाला असेल, दुसऱ्याचं नीट चालतही असेल, पण त्या दिवसापासून दर चहाला मला ओंजळ करून पाहायची सवय लागली अन मग वैताग आला.

सेलवाल्याची स्क्रीन साधी, रंग नाही, नकाशाही नावापुरता. पण ऊन जितकं कडक तितकी ती स्पष्ट दिसते, हे मला घेतल्यावर कळलं. चालत्या गाडीवरून नजर टाकली की आकडे हलताना दिसतात, विषय संपला. पॉइंट घेतला की नंबर समोर येतो, तोच मी पावतीवर लिहून टाकतो. खिसा मात्र फुगतो, शर्टाच्या खिशात ठेवून मोटर पाहायला वाकलात तर ते विहिरीत जाईल, दोरी बांधा.

अचूकपणात मला तरी दोघांत फरक जाणवला नाही. एकदा नागपुरातल्या झीरो माइलच्या खांबापाशी दोन्ही घेऊन उभा राहिलो, तिथल्या खांबाच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट दिली आहे, म्हणजे 311 मीटरच्या आसपास. दोघंही त्याच्या दहा-पंधरा मीटर खालीवर खेळत राहिले. उंचीत जीपीएस तसंही कच्चंच असतं, आमच्या कामाला उंची लागतही नाही.

जीपीएसवालं घड्याळ मी मित्राचं आठ दिवस वापरलं. पळायला चांगलं आहे. पण त्याचा चार्जर त्याचाच, घरी राहिला की मेलं. पेन्सिल सेल कोणत्याही पानठेल्यावर मिळतो, साधा सेल लवकर उतरतो तरी दिवस निघून जातो. मी रिचार्जेबल वापरतो, सेटिंगमधे सेलचा प्रकार बदलून घ्या, नाही तर भरलेला सेलही अर्धा दाखवतं.

सेटिंगचंच अजून थोडं. डब्ल्यूएएएस (जीपीएसची चूक कमी करणारे जादा सिग्नल) असा पर्याय दिसला तर चालू करून पाहा, आपल्याकडं त्यावर गगन या भारताच्या तशाच यंत्रणेचे सिग्नल येतात, त्याचं चूक मोजणारं एक रेफरन्स स्टेशन नागपुरातच आहे. नाविकसाठी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या यंत्रणेसाठी, मात्र थांबू नका, त्याचे आधीचे उपग्रह एल5 अन एस या रेडिओ बँडवर बोलतात, ही छोटी मशीनं एल1 बँड ऐकतात, अन नाविकमधे एल1 आलं ते 2023 च्या एनव्हीएस-01 उपग्रहापासून. अन अक्षांश-रेखांशाचे आकडे दशांशात ठेवा. मशीनवर 21 अंश 15.5 मिनिटं होतं, म्हणजे दशांशात 21.258 (साठ मिनिटांचा एक अंश), ते मी फोनवरून मेकॅनिकला 21.155 सांगितलं, तो गडी साडेअकरा किलोमीटर दक्षिणेला भलत्याच शेतात जाऊन उभा.

लॉगर मी टाकलं नाही, मुलीच्या सायकलच्या सीटखाली बांधून दिलं, रविवारी ती फुटाळा तलावाला चक्कर मारते अन घरी येऊन रेघ पाहते. माझ्या कामाला सेलवालंच. त्याची एकच तक्रार आहे अन ती मशीनची नाही. परवा सकाळी निघताना चालू करायला गेलो तर चालूच होईना, मागचं झाकण उघडलं तर दोनातला एकच सेल. दुसरा स्वयंपाकघरातल्या घड्याळात होता.